दुःखाचा साचा आणि दुःखाचा खरेपणा: डूम आणि डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटल समजून घेताना

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, ‘हेवी मेटल’ (किंवा नुसते ‘मेटल’) या जड गिटारच्या रॉक संगीताचा आद्य मानल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचे चौघे मूळ कलाकार शेवटचे एकत्र आले. गायक ऑझी ऑस्बॉर्न यांना आजारपणामुळे उभे राहणे शक्य नव्हते, त्यामुळे ते एका काळ्या सिंहासनावर बसून गायले. त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलैला, त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला: कानाला इतके कर्कश आणि विषयाने इतके अंधारे असलेले हे संगीत ऐकून माणसे रडतात ती नेमकी कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर ब्लॅक सॅबथपासून फुटलेल्या दोन फांद्यांकडे पाहावे लागते. एक डूम मेटल आणि दुसरी डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटल. दोन्हींचा विषय दुःख हाच आहे. रागावलेले, लढाऊ किंवा विजयी संगीत मेटलमध्ये भरपूर आहे, पण या दोन शाखा शोक, एकटेपणा, निराशा आणि मृत्यू यांच्यापाशीच थांबतात. त्यांच्या श्रोत्यांमध्ये दोन वाद कधीच संपत नाहीत: अमुक बँड मौलिक आहे की कुणाची नक्कल, आणि त्याचे दुःख खरे आहे की सोंग. माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच या संगीताबद्दल बहुतेक गैरसमज होतात.

सुरुवात कापलेल्या बोटांपासून

ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचे असताना बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या घडवल्या, वर चामड्याचा तुकडा चिकटवला, नेहमीपेक्षा बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या तारा सैल करून गिटार खालच्या सुरात लावायला सुरुवात केली. सैल तार दाबायला सोपी जाते, पण तिचा आवाजही खोल आणि जड होतो. १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बमवर हा जडपणा स्पष्ट ऐकू येतो. आज जगभर हजारो गिटारवादक धडधाकट बोटे असताना गिटार खाली उतरवून वाजवतात, त्याचे मूळ या अपघातात आहे.

त्याआधी, १३ फेब्रुवारी १९७० रोजी, बँडचा पहिला अल्बम आला होता. त्याच्या पहिल्याच गाण्यात पाऊस आणि घंटा ऐकू येतात आणि मग तीन स्वर येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, वरचा सा, आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. गिटार त्या तीव्र मध्यमावर थरथरत थांबते आणि उतरायला, सुटायला जागाच देत नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. हाच तीव्र मध्यम आपण यमन रागात रोज ऐकतो आणि तो आपल्याला प्रसन्न वाटतो, कारण यमनात तो पंचमाकडे, निषादाकडे जातो, त्याला सोबत मिळते. म्हणजे भीती किंवा दुःख त्या स्वरात भरून ठेवलेले नसते. तो स्वर कुठून आला, किती वेळ थांबला आणि त्याला पुढे वाट दिली की नाही, यावर सारे ठरते.

डूम मेटल: संथपणाचे शास्त्र

डूम मेटल म्हणजे या जडपणाला आणि संथपणाला वाहून घेतलेले संगीत. त्याचा पाया रिफ हा असतो. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह. ख्यालातल्या बंदिशीचा मुखडा जसा फिरून फिरून समेवर येतो, तसा. नेहमीच्या नाचाच्या गाण्यात मिनिटाला शंभर-सव्वाशे ठोके असतात. डूममध्ये ते साठाच्या आसपास येतात, आणि ‘फ्युनरल डूम’ या त्याच्या सर्वांत संथ उपशाखेत आणखी खाली जातात. १९८६ साली स्वीडनच्या ‘कँडलमास’ने या शैलीला भव्य, जवळजवळ ऑपेरासारखे रूप दिले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर इंग्लंडमधील ‘पॅराडाइज लॉस्ट’, ‘माय डाइंग ब्राइड’ आणि ‘अनाथेमा’ यांनी तिच्यात खोल घशातला आवाज आणला आणि काहींनी व्हायोलिनही आणले. त्याच सुमारास फिनलंडमध्ये ‘थेरगोथॉन’ आणि ‘स्केप्टिसिझम’ यांनी लय इतकी खाली आणली की दोन ठोक्यांमधली शांतता हाच गाण्याचा मोठा भाग झाला.

मराठी कानाला हे तितके परके वाटू नये. अतिविलंबित ख्यालात एक आवर्तन पुरे व्हायला मिनिटभर लागते, आणि सम कधी येणार याची वाट पाहणे हाच ऐकण्याचा आनंद असतो. डूममध्येही श्रोता पुढच्या ठोक्याची वाट पाहतो. फरक असा की ख्यालात त्या मोकळ्या जागेत गायक विस्तार करतो, आणि डूममध्ये त्या जागेत फक्त विरत जाणारा झंकार असतो. ज्याने जवळचे माणूस गमावले आहे, त्याला घरातली ती शांतता ओळखीची वाटते: काहीही घडत नाही, तरी वेळ पुढे सरकत असतो.

ब्लॅक मेटल आणि त्याची उदास शाखा

ब्लॅक मेटल हे नाव ‘व्हेनम’ या इंग्लिश बँडच्या १९८२ सालच्या अल्बमवरून आले, पण त्या संगीताला आजचे रूप मिळाले ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या नॉर्वेत. त्याचे तंत्र डूमच्या नेमके उलट आहे. तार अतिशय वेगाने, न थांबता छेडली जाते, ड्रम अखंड धावतात, गायक किंचाळतो आणि ध्वनिमुद्रण मुद्दाम खरखरीत ठेवले जाते. इतक्या वेगात वेगळे स्वर ऐकू येईनासे होतात आणि एक सलग पडदा तयार होतो. चालत्या गाडीच्या चाकाचे आरे वेग वाढल्यावर मिसळून एक स्थिर चकती दिसू लागते, तसे वेगातून स्थिरतेचा भास होतो. म्हणून डूम आणि ब्लॅक मेटल, एक अतिसंथ आणि दुसरे अतिवेगवान, शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात: काळ थांबल्याची भावना.

‘डार्कथ्रोन’चा १९९४ सालचा ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ हा अल्बम चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे नोंदवू शकणाऱ्या, छोट्या घरगुती यंत्रावर मुद्रित झाला. ‘बुर्झुम’ या एकट्या माणसाच्या प्रकल्पाचा ‘फिलोसोफेम’ हा अल्बम १९९३ साली मुद्रित होऊन १९९६ साली आला. तो करणाऱ्या वार्ग वीकेर्नेस यांनीच सांगितले आहे की त्यांनी असेल नसेल तो सर्वांत वाईट मायक्रोफोन मागितला, आणि शेवटी हेडसेटच्या मायक्रोफोनमध्ये गायले. परिणाम असा की आवाज जणू बंद दाराआडून येतो.

याच धाग्यातून डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटल निघाले. नॉर्वेचा ‘स्ट्रिड’ आणि जर्मनीचा ‘बेथलेहेम’ यांनी त्याची पायवाट पाडली, पुढे स्वीडनच्या ‘शायनिंग’ आणि ‘सायलेन्सर’ने आणि कॅलिफोर्नियातल्या ‘झास्थर’ने तिचा रस्ता केला. ब्लॅक मेटलमधला देवधर्माशी असलेला झगडा इथे मागे पडतो. उरते ते स्वतःशी असलेले भांडण. लय कमी होते, चाल साधी होते आणि तीच चाल दहा-दहा मिनिटे फिरत राहते. ‘झास्थर’सह अशा कित्येक प्रकल्पांत एकच माणूस सगळी वाद्ये वाजवतो, गातो आणि घरीच मुद्रित करतो. मला हे या संगीताचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य वाटते. एकटेपणाबद्दलचे संगीत खरोखर एकट्याने केलेले असते, आणि सोबतीला कुणी नसल्याचे त्या ध्वनीतही ऐकू येते: ड्रम यंत्राचे, आवाज दूरचा, कुणी कुणाला दाद देत नाही.

‘पण सगळे सारखेच वाजते, मग मौलिक काय?’

हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. संगणक आणि इंटरनेट आल्यावर एकट्याने अल्बम करणे सोपे झाले आणि २०००नंतर असे अल्बम इतके आले की त्यांचा एक साचाच ठरून गेला. मुखपृष्ठावर उघड्या फांद्यांचे कृष्णधवल जंगल, सुरुवातीला पावसाचा आवाज, मग स्वच्छ गिटारचे चार उदास स्वर, मग किंकाळी. दहातले आठ अल्बम डोळे मिटून ऐकले तर कुठला कुणाचा, हे सांगता येणार नाही.

परंतु साचा आहे म्हणून दुःख खोटे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्याकडची जात्यावरची ओवी आठवून पाहावी. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या वाचताना तेच शब्द, त्याच प्रतिमा पुन्हा पुन्हा भेटतात. माहेर, सासर, भाऊराया, सीतेचा वनवास आणि दळण संपत आल्याचा उल्लेख. पहाटे जात्याला बसलेल्या बाईने नवीन छंद शोधला नाही आणि तो तिने शोधावा असे कुणाला वाटलेही नाही. छंद आईकडून आला होता, शब्द शेजारणीकडून, आणि सीतेचे दुःख तर सगळ्यांचेच होते. तिने त्यात आपल्या भावाचे नाव घातले, आपल्या गावची वाट घातली, आणि ती ओवी तिची झाली. तयार साच्यामुळे तिचे दुःख खोटे ठरले नाही. उलट जे बोलायला एरवी जागाच नव्हती, ते बोलण्याची सोय त्या साच्याने केली.

एकोणीस वर्षांचा एखादा मुलगा ‘बुर्झुम’च्या धर्तीवर घरात अल्बम मुद्रित करतो, तेव्हा बहुतेक वेळा असेच काहीसे घडत असते. त्याच्याजवळ स्वतःची भाषा नाही, म्हणून तो मिळालेली भाषा वापरतो. तो अल्बम मौलिक नसेल, आणि खरे सांगायचे तर अनेकदा कंटाळवाणाही असेल, पण तो अप्रामाणिक आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला त्यावरून मिळत नाही.

मग मौलिकता कुठून येते? या संगीताच्या इतिहासात ती बहुतेक वेळा अडचणीतून आली आहे. आयोमींकडे बोटांची टोके नव्हती. डार्कथ्रोनकडे चारच ट्रॅक होते. कुणी अडचण निवडली, कुणाच्या वाट्याला ती आली, पण तिला लपवण्याऐवजी तिच्याशी जुळवून घेताना नवा ध्वनी सापडला. इथेच नक्कल आणि मौलिकता यांच्यातली रेषा दिसते. दुसऱ्याच्या अडचणीतून निघालेला परिणाम उचलणे ही नक्कल. आज कुणाच्याही फोनवर स्वच्छ ध्वनिमुद्रण होते. तरी संगणकात खास सुविधा वापरून त्या जुन्या यंत्राची खरखर मागाहून मिसळली जाते. ती खरखर कानाला गोड लागत असेलही, मात्र तिच्यामागे आता काहीही अडलेले नसते. स्वतःचे काय अडले आहे हे ओळखून त्याला ध्वनीत वाट देणारा वादक वेगळा उठून दिसतो, मग तो साच्यातच का वाजवत असेना.

खरेपणाचा पुरावा मागावा का?

आता दुसरा प्रश्न, आणि तो अधिक नाजूक आहे. दुःखाचे संगीत करणाऱ्याने ते दुःख खरोखर भोगलेले असावे, अशी अपेक्षा या श्रोत्यांमध्ये फार खोल रुजलेली आहे. तिचे मूळ ‘मेहेम’ या नॉर्वेच्या बँडमध्ये आहे. त्यांचे स्वीडिश गायक ‘डेड’ या नावाने ओळखले जात. चेहऱ्याला प्रेतासारखा रंग लावत, कार्यक्रमाआधी कपडे जमिनीत पुरून ठेवत. ८ एप्रिल १९९१ रोजी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले. बँडमधल्या सहकाऱ्याने पोलिसांना कळवण्याआधी त्या खोलीत छायाचित्रे काढली, आणि पुढे त्यांतले एक छायाचित्र एका अनधिकृत अल्बमचे मुखपृष्ठ झाले. एका आजारी तरुणाचा मृत्यू हा त्या संगीताच्या ‘अस्सलपणाचा’ दाखला म्हणून विकला गेला.

त्या क्षणी काहीतरी फार बिघडले, असे मला मनापासून वाटते. श्रोत्यांनी कलाकाराकडे जखमेचा पुरावा मागायला सुरुवात केली आणि कलाकारांनी तो पुरवायला. ‘शायनिंग’चे गायक निक्लास क्वारफोर्थ २००६ साली नाहीसे झाले आणि त्यांच्या मृत्यूच्या अफवा पसरल्या, पुढच्याच वर्षी ते रंगमंचावर परतले. ‘सायलेन्सर’ने २००१ साली एकच अल्बम काढला, पण त्याच्या गायकाबद्दलच्या सांगोवांगीच्या भयकथा आजही त्या अल्बमपेक्षा जास्त चर्चेत असतात. या गोष्टी ऐकणारा माणूस हळूहळू संगीत ऐकणे सोडून चरित्र ऐकू लागतो.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार हजार वर्षांपूर्वी फार बारकाईने झालेला आहे. करुण रस नेमका कुठे असतो, रामात, रामाचे काम करणाऱ्या नटात की प्रेक्षकात, यावर भरताच्या नाट्यशास्त्राचे भाष्यकार भांडले. शंकुकाने चित्रातल्या घोड्याचे उदाहरण दिले, त्याला चित्रतुरगन्याय म्हणतात. चित्रातला घोडा पाहून आपण हा खरा घोडा आहे असे म्हणत नाही, हा खोटा आहे असेही म्हणत नाही, आणि हा घोडा आहे की नाही अशी शंकाही घेत नाही. तरीही आपल्याला घोडाच दिसतो. पुढे भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली: रंगभूमीवरचे दुःख कुणा एकाचे राहत नाही, ते सर्वांचे होते, म्हणून तर ते आस्वादता येते. घरात घडलेला शोक आणि नाटकातला करुण यांच्यात हा फरक आहे.

हे लक्षात घेतले की खरेपणाची कसोटी बदलते. गायक आज सकाळी रडला होता का, हे विचारण्याचे कारण उरत नाही. विचारायचे ते असे: या गाण्याने आपल्या विषयाला पुरेसा वेळ दिला का? अवघड ठिकाणी ते थांबले, की टाळ्या घेणाऱ्या जागेकडे पळाले? किंकाळी जिथे आली तिथे ती लागत होती, की यायची म्हणून आली? अशी कसोटी ध्वनीतच तपासता येते, आणि तिच्यासाठी कुणाला मरावे लागत नाही.

रंगवलेला चेहरा आणि साधा चेहरा

चेहऱ्याला रंग आणि काळे कपडे हे सारे नाटकच आहे, मग प्रामाणिकपणा कसला, असेही विचारले जाते. पण शोकाला सोहळ्याची गरज नेहमीच पडते. दहाव्याला घाटावर जे विधी होतात ते घरच्या कुणी ऐनवेळी सुचून केलेले नसतात, ठरलेलेच असतात, आणि त्यामुळे ते करणाऱ्या मुलाचे दुःख पोकळ ठरत नाही. ‘स्केप्टिसिझम’चे कलाकार रंगमंचावर अंत्ययात्रेला आल्यासारखे औपचारिक काळ्या पोशाखात येतात, आणि ऑर्गनच्या सुरांबरोबर तो पोशाख अगदी योग्य वाटतो.

दुसऱ्या टोकाला ‘वॉर्निंग’ हा इंग्लिश बँड आहे. त्यांच्या २००६ सालच्या ‘वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स’ या अल्बमवर ना सैतान आहे, ना स्मशान, ना घशातली गुरगुर. पॅट्रिक वॉकर साध्या, किंचित चिरकणाऱ्या आवाजात तुटलेल्या नात्याबद्दल गातात, आणि मागे गिटारचा डोंगर हळूहळू सरकत असतो. मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला थोडे अवघडल्यासारखे झाले, कारण दुसऱ्याचे खाजगी बोलणे कानावर पडावे तसे ते होते. मुखवटा असणे किंवा नसणे याचा खरेपणाशी संबंध नाही, हे या दोन बँडांना शेजारी ठेवून ऐकले की समजते.

प्रामाणिक म्हणजे चांगले का?

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्यांच्या ‘फिलोसोफेम’चा मी वर उल्लेख केला, त्या वार्ग वीकेर्नेस यांनी ऑगस्ट १९९३मध्ये ‘मेहेम’च्या गिटारवादकाचा खून केला. त्यासाठी आणि चर्च जाळल्याबद्दल त्यांना १९९४ साली २१ वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे वंशवादी विचारही उघड आहेत. त्यांच्या संगीतात ढोंग आहे असे म्हणता येत नाही. म्हणजे प्रामाणिकपणा हा स्वतःच सद्गुण नाही. द्वेषही प्रामाणिक असू शकतो. ज्यांना हे संगीत ऐकवत नाही त्यांनी ते बाजूला ठेवावे. या शाखेत ऐकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि कुणाच्या पैशाने कुणाचे हात बळकट होतात हा विचार श्रोत्याने करणे योग्यच आहे.

हे ऐकून माणूस अधिक खचत नाही का?

घरातल्या मुलाच्या खोलीतून असे संगीत ऐकू आले की आईवडिलांना हीच काळजी वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. उदास संगीत माणसे का ऐकतात यावर लिलिया तारुफी आणि श्टेफान केल्श यांनी २०१४ साली ७७२ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सहभागी झालेल्यांनी उदास संगीतामुळे होणारे बरेच लाभ नोंदवले; मन सावरते, सांत्वन मिळते आणि नुसत्या दुःखापेक्षा जुन्या आठवणींची हुरहुर अधिक दाटून येते, असा त्यांचा अनुभव होता. ती पाहणी सर्वसाधारण उदास संगीताची होती, या टोकाच्या शाखेची नव्हे, हे विसरू नये. तरीही माझा अनुभव तिच्याशी जुळतो. खचलेल्या माणसाला आनंदी गाणे अनेकदा अपमानासारखे वाटते; आपल्याच लयीत चालणारे कुणीतरी आहे, हे कळणे त्याला आधाराचे असते.

पण सगळ्यांना सगळ्या वेळी तसेच वाटेल असे नाही. या शाखेतले काही बँड आत्मनाशाचे थेट गौरवीकरण करतात, आणि मन आधीच काठावर असताना ते ऐकणे धोक्याचे आहे. मुलाने संगीत ऐकणे ही चिंतेची खूण नव्हे. त्याने जेवण, झोप, मित्र आणि अगदी ते संगीतही सोडून देणे, ही खूण आहे. अशा वेळी अल्बम जप्त करण्यापेक्षा शेजारी बसून ‘हे तुला का आवडते’ असे विचारावे. स्वतःला किंवा जवळच्या कुणाला जीव नकोसा वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मदत मिळते.

ऐकायला सुरुवात करताना

ज्यांना हे संगीत एकदा ऐकून पाहायचे आहे त्यांनी सर्वांत टोकाच्या किंकाळीपासून सुरुवात करू नये. ब्लॅक सॅबथचे ते पहिले गाणे ऐकावे, मग ‘वॉर्निंग’, मग फिनलंडची संथ मंडळी. आवाज मोठा हवाच असे नाही, परंतु वेळ मात्र सलग हवा, कारण तुकड्यातुकड्याने ऐकले तर यातले काहीच हाती लागत नाही.

मला हे उमगले ते सिअ‍ॅटलच्या ‘बेल विच’ या दोघांच्या बँडमुळे. त्यांच्याकडे गिटार नाही, सारा भार बास आणि ड्रमवर. २०१७ साली त्यांनी ‘मिरर रीपर’ हा अल्बम काढला, ज्यावर एकच गाणे आहे आणि ते ८३ मिनिटांचे आहे. त्याची जुळवाजुळव चालू असताना, मे २०१६मध्ये, बँडचे आधीचे ड्रमवादक आणि गायक एड्रियन ग्वेरा वारले. तेव्हा बँडमध्ये असलेल्या दोघांनी ग्वेरा यांचे जुन्या ध्वनिमुद्रणातले न वापरलेले गायन शोधले आणि गाण्याच्या मध्यभागी त्यासाठी जागा केली.

पुण्याहून मुंबईला जाताना मी ते पहिल्यांदा सलग ऐकले. शिवाजीनगर सोडताना सुरू केले होते. खिडकीबाहेर तळेगाव गेले, मळवली गेले, समोरच्या काकांचा डबा खाऊन झाला, आणि तरी बासचे तेच काही स्वर फिरत होते, प्रत्येक ठोका विझून जाईपर्यंत थांबत होते. मला वाटले होते की यात काही घडणारच नाही. लोणावळ्याच्या आसपास तो आवाज आला. ना त्यासाठी संगीत चढले, ना ड्रमने वर्दी दिली. मागून कुणीतरी खोलीत यावे तसा तो आला, थोडा वेळ थांबला, आणि मागचे दोघे त्याच्यासाठी आपली लय तशीच धरून वाजवत राहिले. मग तो गेला आणि नुसता बास उरला. बोगद्यांमध्ये डब्यातले दिवे लागत होते, गाडी घाट उतरत होती, आणि गाणे अजून पुष्कळ बाकी होते.